जुनी कॅरव्हॅन दुरुस्त करायचीय? आधी पाणी थांबवा, रंग शेवटी

“आतून कोणता रंग देऊ?” इथं ब्रिटनमध्ये जुनी टूरिंग कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेतलेली आपली माणसं फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. मी उलट विचारतो, “ओल मोजलीत का?” बहुतेकांनी मोजलेली नसते. भिंतींना पांढरा रंग लागलेला असतो, गाद्यांचं कापड ठरलेलं असतं आणि नोव्हेंबरच्या पावसात पुढच्या खिडकीखाली रंगाला फुगे येतात.

माझ्या पहिल्या कॅरव्हॅनचं असंच झालं. सबंध उन्हाळा रंग, पडदे, गाद्या यात घालवला. जानेवारीत खिडकीखालच्या प्लायवर सहज अंगठा दाबला, तर तो नखापर्यंत आत गेला. आतली लाकडी पट्टी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. केलेलं सगळं उचकटावं लागलं. दुसऱ्या कॅरव्हॅनच्या वेळी क्रम बदलला, आणि आजही तिची भिंत कोरडी आहे. तो क्रम इथे टप्प्याटप्प्याने देतो आहे.

कोकणात पाऊस यायच्या आधी घर शाकारून घेतात, भिंतींचं नंतर बघतात. कॅरव्हॅनलाही तेच लागू आहे. गळती शोधायची, ती बाहेरून बंद करायची, आतलं सुकवायचं, कुजलेलं बदलायचं, गॅस आणि वीज तपासून घ्यायची, आणि त्यानंतर रंगाचा डबा उघडायचा. मधली एक पायरी गाळली तरी पुढचं काम वाया जातं.

हा लेख १९९०च्या आसपासपासून २००५पर्यंतच्या कॅरव्हॅन डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत सुमारे तीन मिलिमीटरचा प्लाय, मधे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि थर्माकोल, अशी त्यांची भिंत असते. पाणी एकदा या भिंतीत शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते.

टप्पा १ : घेण्याआधीची पाहणी

कॅरव्हॅन बघायला पाऊस पडून गेल्यावर जा. उन्हातल्या रविवारी सगळ्याच छान दिसतात. बरोबर टॉर्च, दोन सुयांचं ओल मोजायचं मीटर (पंधरा-वीस पौंडांत मिळतं), वही आणि पेन्सिल घ्या.

दार उघडल्यावर पहिला श्वास नाकाने घ्या. ओलसर, कोंदट वास आला तर सावध व्हा. सुगंधी फवाऱ्याचा दरवळ आला तर त्याहून जास्त सावध व्हा. मग गाद्या उचला, सगळी कपाटं उघडा आणि कोपऱ्यांत टॉर्च मारा. काळे ठिपके, भिंतीच्या कागदाला आलेल्या सुरकुत्या, गंजलेल्या स्टेपलचे तपकिरी डाग या पाण्याच्या खुणा आहेत. खिडक्यांच्या खाली, छताच्या कोपऱ्यात, छतावरच्या झडपेभोवती आणि चाकाच्या कमानीजवळ अंगठ्याने दाबून बघा. प्लाय कडक लागला पाहिजे.

मीटरचे आकडे साधारण असे वाचायचे: १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर म्हणजे पाणी कुठून तरी येतंय, आणि ३० च्या वर लाकूड कुजायला लागलं असण्याची शक्यता दाट. एकाच कोपऱ्यात ३० लागत असेल तर ते घरी करता येण्याजोगं काम आहे. चारही कोपरे आणि छत मिळून ३० दाखवत असेल, तर फुकट मिळाली तरी नेऊ नका. ती दुरुस्ती राहत नाही, नवी कॅरव्हॅन बांधणं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९९२पासूनच्या बहुतेक ब्रिटिश कॅरव्हॅनना क्रिस या कॅरव्हॅन-नोंदणीचा १७ आकडी-अक्षरी क्रमांक असतो आणि तो खिडक्यांवर कोरलेला असतो. सगळ्या खिडक्यांवर तोच क्रमांक आहे का आणि चासीवरच्या (खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या) क्रमांकाशी जुळतो का, हे बघा. चोरीची किंवा कर्ज बाकी असलेली निघू नये म्हणून थोडे पैसे भरून नोंद तपासून घ्या. क्रिसचा कागद हा मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून विकणाऱ्याकडून सही केलेली पावती हवीच.

⚠️ घरी ओढून आणण्याआधी टायर बघा. टूरिंग कॅरव्हॅनला एमओटी (गाड्यांची दरवर्षीची सक्तीची तपासणी) लागत नाही, म्हणजे ती रस्त्यावर आणण्याजोगी आहे की नाही हे कुणीच तपासलेलं नसतं. जबाबदारी ओढणाऱ्या ड्रायव्हरची. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका, उभ्या कॅरव्हॅनचे टायर झिजत नाहीत, ते वयाने मरतात. पाच वर्षांनी बदलायचा विचार करावा, सातच्या पुढे जाऊच नये. जुने असतील तर तिथेच नवे बसवा, नाहीतर ट्रकवर घालून आणा.

टप्पा २ : पैशांची वाटणी

दुसरी कॅरव्हॅन मी ९०० पौंडांना घेतली आणि दुरुस्तीसाठी १,५०० वेगळे काढले. वहीतला हिशोब असा: दोन टायर १८०, ब्रेक आणि बेअरिंगचं काम २२०, गॅस आणि विजेची तपासणी २००. म्हणजे पहिले ६०० पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या कामांत गेले. सीलंट (सांधे बंद करायचा लेप), टेप, स्क्रू १२०. लाकूड, प्लाय, गोंद १६०. मीटर आणि जुना डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) ९०. राहिलेल्यातून गाद्यांची कव्हरं २५० आणि रंग, विनाइल ११०. उरलेले १७० पौंड मधेच निघालेल्या एका तुटक्या छत-झडपेने आणि किरकोळ पाइपांनी खाल्ले. तुमच्या भागात दर वेगळे असतील, पण वाटणीचा क्रम हाच ठेवा.

पैसे कमी पडले तर कात्री रंग आणि गाद्यांना लावा. टायर, ब्रेक आणि गॅसला नको. दारं, खिडक्या, झडपा, फ्रिज यांसाठी नव्याच्या आधी कॅरव्हॅन तोडून सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारा. खिडकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मॉडेलचा क्रमांक असतो. त्याचा फोटो पाठवलात तर नेमकी जोडी मिळते.

टप्पा ३ : ओलीचा नकाशा

हा टप्पा सगळे टाळतात, आणि पुढच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात.

१. कॅरव्हॅन सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडा. हे पाय फक्त डुलणं थांबवण्यासाठी असतात. त्यांनी कॅरव्हॅन उचलायची नसते, चासी आणि फरशी वाकते. उचलायची असेल तर चासीला नेमून दिलेल्या जागीच जॅक लावा.

२. वहीत चार भिंती, छत आणि फरशी अशी सहा चित्रं काढा. दर ३० सेंटिमीटरवर मीटर टेकवा आणि आकडा चित्रात त्याच जागी लिहा. वर तारीख टाका.

३. सगळीकडे सारखाच १८-१९ येत असेल तर तो बहुधा आतल्या बाष्पाचा परिणाम आहे. एका ठिकाणी ३५, त्याच्या शेजारी २५, पुढे १५ असं उतरत गेलं तर ती गळती. सर्वात मोठ्या आकड्याच्या वर आणि बाहेर शोधायचं.

भिंतीला चंदेरी पापुद्रा असलेला कागद असेल तर मीटर खोटा आकडा दाखवू शकतं. म्हणून आधी कोरड्या असल्याची खात्री असलेल्या जागी, म्हणजे मधल्या भिंतीच्या कपाटात, मोजा आणि त्याच्याशी तुलना करा.

टप्पा ४ : गळती नेमकी कुठे

दोन माणसं लागतात. एक बाहेर बागेचा पाइप घेऊन, दुसरा आत टॉर्च घेऊन. पाणी साधं सोडायचं, जोराचा फवारा नाही. सुरुवात खालून करायची: आधी खिडकीची खालची कड, पंधरा मिनिटं. आत काही दिसलं नाही तर खिडकीच्या बाजू, मग वरची कड, मग तंबू (ऑनिंग) अडकवायची रेल, शेवटी छत. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

⚠️ प्रेशर वॉशर कधीच वापरू नका. जी सीलं अजून धड आहेत त्यांच्यातूनही तो पाणी आत ढकलतो.

पाणी शिरण्याच्या नेहमीच्या जागा म्हणजे तंबू अडकवायची ऑनिंग रेल, पुढच्या-मागच्या पॅनेलचे उभे सांधे, छतावरच्या झडपा, हाताने धरायच्या मुठी, बाहेरच्या लॉकरची दारं, दिव्यांच्या मागची भोकं आणि खिडक्यांची रबरं. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त पाणी रेलमधूनच येतं. रेलच्या चरातली प्लास्टिकची पट्टी नखाने ओढून काढा. खालचे स्क्रू गंजून लाल झालेले असतील, किंवा फिरवताना अर्धेच तुटून हातात येत असतील, तर पाणी तिथून वर्षानुवर्षं लाकडात जातं आहे.

✔ तपासणी: पाण्याच्या परीक्षेत सापडलेली जागा आणि वहीतला मोठा आकडा यांचा मेळ बसतो का? बसत नसेल तर अजून एक गळती बाकी आहे.

टप्पा ५ : बाहेरून सील करणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मला एका बाजूच्या रेलला एक सबंध शनिवार लागला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सिलिकॉन. बाथरूमला लावतात ती नळी उचलायची आणि सांध्यावरून एक पांढरी रेघ ओढायची. दिसायला सांधा बंद होतो. पण रेलच्या मागची जुनी मॅस्टिक (सांध्यात भरलेला चिकट लगदा) वाळून तडकलेलीच असते, पाणी दुसरीकडून शिरतं आणि आता त्याला बाहेर पडायची वाटही उरत नाही. शिवाय सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नंतर दुसरं सीलंट किंवा रंग धरत नाही. असा रोग म्हशीला आणि औषध पखालीला देऊन भागत नाही. रेल काढावीच लागते.

१. चरातली प्लास्टिक पट्टी काढा. ती जुनी परत बसवू नका, मीटरच्या भावाने नवी मिळते आणि स्वस्त असते.

२. स्क्रू एका टोकापासून ओळीने काढा. तुटलेला स्क्रू दिसला तर त्या जागी पत्र्यावर पेन्सिलने फुली मारा. त्या फुलीच्या मागचं लाकूड नंतर आतून बघायचं आहे.

३. रेल हळूच, प्लास्टिकच्या पट्टीने उचकटा. लोखंडी पटाशी घातलीत तर पत्र्याला पोचा पडतो, तो परत निघत नाही. दुसऱ्या माणसाने टोक धरावं, रेल वाकू देऊ नये.

४. जुनी मॅस्टिक खरवडून काढा. उरलेला चिकटपणा कापडावर व्हाइट स्पिरिट घेऊन पुसा. काम कंटाळवाणं आहे, पण पत्रा बोटाला कोरडा आणि गुळगुळीत लागेपर्यंत थांबू नका.

⚠️ खिडक्या काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात. त्यांना व्हाइट स्पिरिट, थिनर किंवा काच पुसायचा फवारा लागला तर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्यांना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.

५. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर त्यात गोंद लावलेली लाकडी काडी ठोका, वाळू द्या, कापून टाका. लाकूडच भुगा झालेलं असेल तर रेल आत्ता बसवू नका. भोकांवर टेप लावा, वर ताडपत्री टाका आणि आधी टप्पा ७ पूर्ण करा.

६. रेलच्या मागच्या बाजूला ब्यूटाइल टेप लावा. ही टेप वाळून कडक होत नाही. कॅरव्हॅन रस्त्यावर सतत वळत-लचकत असते, तिच्याबरोबर टेपही हलते. रेल जागेवर ठेवा आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, प्रत्येकाचं टोक सीलंटमध्ये बुडवून, मधून कडेकडे घट्ट करत जा. साधे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या संगतीत पुन्हा गंजतात.

७. टेप कडेने बाहेर येईल. यावी. दोन दिवसांनी स्क्रू परत एकदा आवळा, अजून थोडी येईल. मगच प्लास्टिकच्या धारेने कापून काढा.

८. रेलच्या वरच्या कडेला सिकाफ्लेक्स ५१२सारख्या कॅरव्हॅनच्या लवचिक सीलंटची बारीक रेघ द्या. खालची कड मोकळी ठेवा. चुकून पाणी मागे गेलंच तर त्याला उतरायला जागा हवी.

झडपा, मुठी, दिवे यांनाही हीच पद्धत: काढा, साफ करा, टेप, स्टेनलेस स्क्रू. छतावर काम करताना पत्र्यावर पाय देऊ नका. शिडीवरून हात पोचत नसेल तर छतावर आडवी फळी टाकून वजन वाटून द्या.

गारठ्यात आणि दमट हवेत टेप नीट धरत नाही. मे ते सप्टेंबरमधले सलग दोन-तीन कोरडे दिवस बघूनच रेल उघडा.

✔ तपासणी: टप्पा ४ची पाण्याची परीक्षा पुन्हा, त्याच क्रमाने. आत थेंबही दिसला तर पुढे जायचं नाही.

टप्पा ६ : सुकवणे

आतल्या बाजूने ओल्या भागाचा प्लाय उघडा. कापायचा असेल तर रेघ कपाटाच्या मागे किंवा गादीच्या पातळीखाली येईल अशी घ्या, म्हणजे सांधा झाकला जातो. ओला, चुरगळलेला थर्माकोल काढून टाका. डिह्युमिडिफायर लावा, खिडक्या बंद ठेवा आणि एक छोटा पंखा उघड्या भागाकडे फिरवा. रोज त्याच जागी मोजून वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात आकडा भराभर उतरतो, नंतर रेंगाळतो. माझ्या पुढच्या भिंतीला ३४ वरून १५ वर यायला पाच आठवडे लागले. घाई करू नका.

⚠️ गॅसची शेगडी पेटवून कॅरव्हॅन सुकवायची नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. म्हणजे आपणच ओल वाढवतो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने जीव जाण्याचा धोका वेगळाच.

टप्पा ७ : कुजलेलं लाकूड बदलणे

आधी एक सूचना. १९८०च्या आधीची कॅरव्हॅन असेल तर हीटर किंवा शेगडीच्या मागच्या करड्या, टणक पाट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्यांना ड्रिल, करवत, पॉलिशपेपर लावू नका. तपासून घेतल्याशिवाय हात नको.

स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात टोचून बघा. कुठपर्यंत शिरतं तिथे खूण करा आणि त्याच्याही पुढे १५ सेंटिमीटर धड लाकडापर्यंत कापा. कुजलेल्यावर नुसतं औषध किंवा कडक करायचं द्रव ओतून भागत नाही.

पट्ट्या एकेक बदला. दोन-तीन एकदम काढल्या की भिंतीचा आकार सुटतो आणि खिडकी परत बसत नाही. कौलांच्या कामासाठी इथे विकतात त्या २५ मिलिमीटर जाडीच्या, औषध मुरवलेल्या पट्ट्या स्वस्त आणि सरळ असतात. सांधा टोकाला टोक लावून करू नका. दोन्ही टोकं अर्धी-अर्धी कोरून एकमेकांवर बसवा, पाण्याला न सुटणारा गोंद आणि स्क्रू लावा. पत्र्याच्या बाजूला पॉलियुरेथेन गोंद, आणि तो सुकेपर्यंत बाहेरून फळी व टेकू देऊन पत्रा सपाट धरून ठेवा. हा गोंद फुगतो. टेकू नसेल तर पत्र्याला बाहेरून फुगवटा येतो.

⚠️ आतून मारायचा स्क्रू मोजून घ्या. २५ची पट्टी आणि ३चा प्लाय असेल तर २० मिलिमीटरचा स्क्रू पुरे. ३०चा मारलात तर तो बाहेरच्या पत्र्यातून टोक काढतो आणि जिथे गळती नव्हती तिथे तुम्हीच केलेली असते.

थर्माकोल त्याच जाडीचा परत भरा. विजेच्या वायरी त्याला थेट टेकू देऊ नका. थर्माकोलच्या संगतीत पीव्हीसीचं आवरण हळूहळू खराब होतं. पातळ नळीतून न्या.

टप्पा ८ : फरशी

फरशी दोन प्लायच्या मधे थर्माकोल अशी चिकटवलेली असते. दारात आणि शेगडीपुढे, जिथे सारखे पाय पडतात, तिथे चालताना करकर वाजत असेल आणि दबत असेल तर थर सुटले आहेत. लाकूड कोरडं आणि धड असेल तर हे घरी होतं: वरच्या प्लायमध्ये दर १० ते १५ सेंटिमीटरवर भोकं पाडा, त्यात दोन भागांची इपॉक्सी राळ सोडा, छोट्या लाकडी खुंट्या ठोका आणि वर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा, तळाचा प्लाय फुटता कामा नये. लाकूड काळं आणि मऊ असेल तर राळेचा उपयोग नाही, तो तुकडा कापूनच बदलावा लागतो.

टप्पा ९ : गॅस, वीज, ब्रेक – इथे हात आखडता घेऊ नका

ही कामं स्वतः करू नका, पण तयारी स्वतः करा, म्हणजे मजुरी वाचते. कपाटं रिकामी करा, नळ्यांपर्यंत वाट मोकळी करा.

गॅससाठी गॅस सेफ रजिस्टरवरचा (गॅसच्या कामाची अधिकृत नोंद असलेला) माणूस बोलवा आणि त्याच्या कार्डावर एलपीजी आणि कॅरव्हॅन ही कामं नोंदलेली आहेत का ते बघा. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, जुनी असेल तर ती बदलून घ्या. निळ्या बाटलीत ब्यूटेन असतो. थंडीत, शून्य अंशाच्या आसपास, तो वायू व्हायला नकार देतो. हिवाळ्यात जायचं असेल तर लाल बाटलीतला प्रोपेन घ्या.

फरशीतली छोटी भोकं आणि जाळ्या कधीही बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि या भोकांतून बाहेर जातो. वारा येतो म्हणून कुणी तिथे टेप लावतं, कुणी नवं विनाइल सरळ वरून पसरतं. विनाइल टाकताना प्रत्येक भोक मोजून कापून काढा. कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा, दोन्ही अलार्म लावा.

विजेच्या बाजूने ३० मिलिॲम्पिअरचा आरसीडी (वीज गळली की प्रवाह तोडणारं स्विच) चालू आहे ना, हे बटण दाबून बघा, आणि पूर्ण सर्किट जाणकाराकडून तपासून घ्या. २००८च्या आधीच्या कॅरव्हॅनला सात पिनांचे दोन प्लग असतात, नव्या गाड्यांना तेरा पिनांचं सॉकेट. त्यासाठी जोडणी मिळते, वायरी कापाकापी करू नका.

ब्रेकचे ड्रम एका जागी उभं राहून धरून बसतात. बऱ्याच चासींवर हबचा नट एकदाच वापरायचा असतो आणि तो ठरावीक जोराने आवळावा लागतो, म्हणून हे काम वर्कशॉपमध्येच द्या. इथून पुढे सपाट जागी कॅरव्हॅन बराच काळ ठेवताना ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवा.

टप्पा १० : आता रंग, गाद्या, फर्निचर

आतल्या भिंतींच्या प्लायवर प्लास्टिकसारखा गुळगुळीत थर असतो. त्यावर सरळ रंग दिला तर पोपडे निघतात. तेलकटपणा शुगर सोपने (रंगाआधी भिंती धुवायच्या पावडरने) धुवा, बारीक पॉलिशपेपरने फक्त चकाकी जाईल इतकं घासा, चिकटून राहणारा प्रायमर एक हात, मग रंगाचे दोन पातळ हात. प्रत्येक हाताला पूर्ण वाळू द्या.

सुंदर दिसण्याच्या नादात वजन वाढवणं ही इथली मोठी चूक. घरच्या स्वयंपाकघराचा ओटा, एमडीएफची कपाटं, खऱ्या टाइल्स, सगळं नको. १८ मिलिमीटर एमडीएफची आठ बाय चारची एक शीट सुमारे ४० किलो भरते. ३ मिलिमीटर प्लायची तेवढीच शीट पाचेक किलोची. दाराजवळच्या पाटीवर रिकाम्या आणि कमाल वजनाचे आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजेच तुमचं सगळं सामान. जुन्या कॅरव्हॅनमध्ये तो फार थोडा असतो, आणि त्यातच पाणी, गॅसची बाटली, तंबू, कपडे आणि तांदळाची पिशवीही बसवायची असते.

गाद्यांचा फोम बदलताना आगीला प्रतिबंध करणारा, तसं लेबल असलेलाच घ्या. फोम चांगला असेल तर फक्त कव्हरं शिवा. आमच्या घरी ती बायकोने जुन्या कव्हरांची उसवून केलेली मापं वापरून शिवली, आणि दुकानाच्या भावाच्या निम्म्यात झाली.

एक आपल्या घरांतली गोष्ट. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि फोडणीची वाफ एवढ्याशा जागेत लगेच भिंतीवर उतरते. स्वयंपाक करताना छताची झडप उघडी ठेवाच, कितीही गारठा असला तरी. कुकर शक्यतो बाहेर, ऑनिंगबाहेरच्या मोकळ्या हवेत वेगळ्या शेगडीवर लावा. एवढ्या कष्टाने सुकवलेल्या भिंती त्याने कोरड्या राहतात.

टप्पा ११ : पहिली सहल

सामान भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जा. पाटीवरच्या कमाल वजनाच्या आत आहात का आणि तुमची गाडी तेवढं ओढू शकते का, हे बघा. नवख्यांनी भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. हिचवर (गाडीमागच्या जोडावर) पडणारा भार कॅरव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, मात्र गाडी आणि हिच यांना दिलेल्या मर्यादेपलीकडे नाही. जड सामान चाकांच्या बरोबर वर, फरशीलगत ठेवा, मागच्या कपाटात नाही. मागे वजन गेलं की कॅरव्हॅन रस्त्यावर झोके घेते.

लायसन्सबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. १६ डिसेंबर २०२१पासून ग्रेट ब्रिटनमध्ये कारचं पूर्ण लायसन्स असलेल्यांना ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा नाही. मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर (मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर) ताशी कमाल ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वात उजव्या लेनमध्ये जायचं नाही. मागे गाडीचाच नंबर लावायचा, ब्रेकअवे केबल (कॅरव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक लावणारी तार) जोडायची, आणि चालत्या कॅरव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, आजी-आजोबाही नाहीत.

पहिल्यांदा दोन रात्रींसाठी, तासाभराच्या अंतरावर जा. निघाल्यावर साधारण तीस मैलांनी थांबून टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) चाकांचे बोल्ट तपासा, नवे टायर बसवल्यावर ते थोडे सैल होतात. परत आल्यावर वही काढा आणि टप्पा ३च्या चित्रांतल्या त्याच जागी पुन्हा मीटर टेकवा, शेजारी नवी तारीख टाका. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एकदा, मार्चमध्ये एकदा. कुठे १५चा १९ झालेला दिसला, तर त्या जागेच्या वरची प्लास्टिक पट्टी काढून आधी स्क्रू बघा.